परदेशी जायच्या आधी तिथला अबॉर्शनचा कायदा कसा तपासायचा (पोलंड, फिलिपिन्स, टेक्सास)

"पोलंडमध्ये अबॉर्शन लीगल आहे का" असं गूगलला विचारलं की उत्तर येतं, हो पण अटींवर. फिलिपिन्सचं विचारलं की नाही. टेक्सासचं विचारलं की नाही, पण आईच्या जिवाला धोका असेल तर हो. बहुतेक जण इथेच टॅब बंद करतात. पण एवढ्याने काहीच कळत नाही हो, कारण विचारायचा प्रश्न हा नाहीच. विचारायचं हे की तिथला कायदा पकडतो कुणाला? बाईला, डॉक्टरला, की तिला गोळ्या आणून देणाऱ्या नवऱ्याला? तिन्ही ठिकाणी उत्तर वेगळंय, आणि नवरे मंडळींनी तर हे बायकांपेक्षा जास्त लक्ष देऊन वाचावं असं माझं मत आहे, का ते पुढे कळेलच.

मी हिंजवडीत ऑनसाइटला जाणाऱ्या लोकांचं व्हिसा, इन्शुरन्स, घर वगैरे बघते. वकील नाही, डॉक्टर नाही. पण जाण्याआधीच्या सेशनमध्ये लोक काय विचारतात ते रोज ऐकते. तांदूळ किती न्यायचा, इंडक्शनवर कुकर चालतो का, मुलाची शाळा इंग्लिश मीडियम मिळेल का. एकदा डिपेंडंट व्हिसावर निघालेल्या एका मुलीने विचारलं, मॅडम तिकडे गायनॅक इंग्लिशमध्ये बोलतात का, तर मागच्या रांगेतले दोघं हसले. त्या दिवसातला सगळ्यात कामाचा प्रश्न तोच होता. एमबीबीएसला पाठवणाऱ्या कन्सल्टंटच्या सेमिनारलाही तेच, डेक्कनच्या हॉटेलच्या हॉलमध्ये आईवडील व्हेज मेस, हॉस्टेलच्या गेटची वेळ, फीचे हप्ते सगळं विचारतात आणि अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीला ज्या देशात पाठवतोय तिथे पाळी चुकली तर काय, हे कुणीच विचारत नाही. लाज वाटते म्हणून असेल. किंवा आपल्या मुलीच्या बाबतीत असं होणारच नाही ही खात्री.

आधी आपल्याकडचं नीट समजून घ्या, म्हणजे तिकडचं कुठे वेगळंय ते कळेल. भारतात एमटीपी (म्हणजे डॉक्टरी गर्भपाताचा) कायदा १९७१ चा, २०२१ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, २० ते २४ मध्ये ठरावीक कारणांसाठी दोन डॉक्टरांचं, आणि गर्भात गंभीर दोष असेल तर २४ नंतरही मेडिकल बोर्डाकडून परवानगी मिळू शकते. बाई १८ वर्षांवरची असेल तर फक्त तिची सही लागते, नवऱ्याची नाही, सासूची तर नाहीच. लग्न झालेलं नसलं तरी चालतं, सुप्रीम कोर्टाने २९ सप्टेंबर २०२२ ला २०-२४ आठवड्यांबाबतही ते स्पष्ट केलंय. तिचं नाव बाहेर फोडलं तर फोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पण याचा अर्थ आपल्याकडे सगळं मोकळं आहे असा नाही. एमटीपीच्या चौकटीबाहेर केलं तर तो आजही गुन्हाच आहे, आधी आयपीसी ३१२ होतं, आता न्याय संहितेचं कलम ८८, तीन वर्षांपर्यंत (गर्भाची हालचाल सुरू झालेली असेल तर सात), आणि त्यात ती बाईसुद्धा येते. म्हणजे आपल्याकडे मूळ गुन्हा तसाच आहे, एमटीपीने त्यात दार ठेवलंय. दार बऱ्यापैकी रुंद आहे म्हणून आपल्याला ते जाणवत नाही एवढंच.

आता काम काय करायचं. एक कागद घ्या, देशाचं नाव लिहा (अमेरिका असेल तर राज्याचं, हे फार महत्त्वाचं) आणि खाली चार गोष्टी लिहून काढा. शिक्षा कुणाला आणि किती. अपवाद कोणते आणि ते ठरवतं कोण. आठवडे कुठून मोजतात. आणि गोळ्या जवळ ठेवणं हा वेगळा गुन्हा आहे का. शोधायला सेंटर फॉर रिप्रॉडक्टिव्ह राइट्सचा जगाचा रंगीत नकाशा आहे आणि डब्ल्यूएचओचा अबॉर्शन पॉलिसीचा डेटाबेस आहे, दोन्ही फुकट. नकाशा फक्त सुरुवातीला बघायचा, रंगावर विश्वास ठेवून गप्प बसायचं नाही, तिथून मूळ कलमाचा नंबर मिळवायचा आणि ते कलम त्या देशाच्या सरकारी साइटवर जाऊन भाषांतर लावून वाचायचं. पंधरा मिनिटांचं काम आहे. कलम वाचताना तारीख बघा, कारण हे कायदे हल्ली भराभर बदलतायत, दोन वर्षांपूर्वीच्या यूट्यूब व्हिडिओवर जाऊ नका.

आठवड्यांचं गणित बऱ्याच जणींचं चुकतं म्हणून आधी तेच सांगते. आठवडे संबंध आले त्या दिवसापासून नाही, शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. समजा पाळी १ जानेवारीला आली आणि चक्र २८ दिवसांचं आहे, तर २९ जानेवारीला पुढची पाळी चुकते तेव्हाच डॉक्टरच्या हिशोबाने तुम्ही चार आठवड्यांच्या गरोदर असता. १२ फेब्रुवारीला सहा आठवडे पूर्ण. म्हणजे जिथे सहा आठवड्यांची मर्यादा आहे, अमेरिकेतलं जॉर्जिया किंवा मे २०२४ पासून फ्लोरिडा, तिथे पाळी चुकल्यापासून हातात दोन आठवडे. त्यात टेस्ट आणायची, विश्वास बसायचा, अपॉइंटमेंट मिळायची. पाळी अनियमित असेल, पीसीओडी असेल (आणि कुणाला नसतो आजकाल), तर कळेपर्यंत मुदत संपलेली असते. काही देशांत मात्र गर्भ राहिल्यापासून मोजतात, जर्मनीत तसंच आहे, तिथले १२ म्हणजे आपले साधारण १४. म्हणून कुठून मोजतात हा प्रश्न कागदावर हवाच.

आता पोलंड, कारण आमच्याकडून सगळ्यात जास्त लोक व्रोत्स्वाफ आणि क्राकुफला जातात आणि सगळ्यात जास्त गैरसमज याचेच आहेत. युरोप आहे, मोकळं असणार, असं धरून चालतात. १९९३ च्या कायद्याने तिथे तीनच कारणं ठेवली होती, बाईच्या जिवाला किंवा तब्येतीला धोका, गर्भात गंभीर दोष, आणि गर्भ गुन्ह्यातून राहिलेला असणं (यात सरकारी वकिलाचं प्रमाणपत्र लागतं आणि १२ आठवड्यांची मर्यादा आहे). २२ ऑक्टोबर २०२० ला त्यांच्या घटना न्यायाधिकरणाने मधलं कारण काढून टाकलं आणि २७ जानेवारी २०२१ पासून ते लागू झालं. लाखो लोक रस्त्यावर उतरले, तरी ते तसंच राहिलं. याचा व्यवहारात अर्थ असा की आपल्याकडे १८-२० आठवड्यांना जी ॲनॉमली स्कॅन करतात, ती तिथेही करतात, दोष दिसतो, डॉक्टर सांगतातही, पण दोष आहे एवढ्या कारणावर पुढे काही करता येत नाही.

शिक्षा कुणाला? बाईला नाही. पोलंडच्या दंडसंहितेत बाईने स्वतःचा गर्भपात केला तर तिला शिक्षा नाही. कलम १५२ मध्ये आहे तो करणारा आणि मदत करणारा, तीन वर्षांपर्यंत कैद, आणि गर्भ बाहेर जगू शकेल एवढा वाढलेला असेल तर सहा महिने ते आठ वर्षं. आता मदत करणारा म्हणजे कोण? ज्याने गोळ्या मिळवून दिल्या तो. म्हणजे बायकोने स्वतः ऑनलाइन मागवून स्वतः घेतल्या तर तिला काही नाही, पण तुम्ही प्रेमाने पुण्याहून बॅगेत आणून दिल्या तर केस तुमच्यावर होऊ शकते. वाचा परत एकदा. युस्टिना विद्झिन्स्का नावाच्या कार्यकर्तीने एका बाईला गोळ्या पोस्टाने पाठवल्या होत्या, त्या बाईच्या नवऱ्यानेच पोलिसांना कळवलं आणि मार्च २०२३ मध्ये वॉर्साच्या कोर्टाने तिला आठ महिने समाजसेवेची शिक्षा दिली. २०२५ मध्ये अपील कोर्टाने तो निकाल रद्द करून पुन्हा सुनावणी करायला सांगितली, पण तोवर केसमध्ये वर्षं गेली ना.

आणि बाईला शिक्षा नाही म्हणजे बाईला त्रास नाही असंही समजू नका. २०२३ मध्ये क्राकुफमध्ये एका बाईने स्वतः गोळ्या घेतल्या होत्या, तब्येत बिघडली म्हणून डॉक्टरला सांगितलं, तर पोलीस हॉस्पिटलमध्ये आले आणि तिचा लॅपटॉप आणि फोन घेऊन गेले. का, तर तिला मदत कुणी केली ते शोधायला. विचार करा, ऑफिसचा लॅपटॉप असता तर.

अपवाद आहे ना, जिवाला धोका असेल तर? हो, कागदावर आहे. पण धोका कधी पुरेसा झाला हे ठरवणाऱ्या डॉक्टरच्या डोक्यावर ते कलम १५२ टांगलेलं असतं, म्हणून डॉक्टर थांबतो. सप्टेंबर २०२१ मध्ये प्श्चिना गावात तीस वर्षांची एक बाई २२ आठवड्यांत पाणी गेल्यावर सेप्सिसने (अंगभर पसरलेल्या जंतुसंसर्गाने) गेली, गर्भाचे ठोके बंद व्हायची वाट बघत बसले असा तिच्या घरच्यांचा आरोप होता. मे २०२३ मध्ये नोवी तार्गच्या हॉस्पिटलमध्ये आणखी एक. तिथे डॉक्टरला सदसद्विवेकाच्या नावाखाली नकार द्यायचाही हक्क आहे, त्यामुळे एका हॉस्पिटलने नाही म्हटलं म्हणजे कायद्याने नाही असं होत नाही, दुसरीकडे जायचं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आरोग्य मंत्रालयाने सूचना काढल्या की तब्येतीला धोका यात मानसिक तब्येतही येते आणि एका तज्ज्ञाचं पत्र पुरेसं आहे, हे फार कमी लोकांना माहितीये. त्याच्या आधी जुलैमध्ये मदत करणाऱ्यांची शिक्षा काढायचं बिल संसदेत आलं होतं, ते २१५ विरुद्ध २१८ ने पडलं. तीन मतं.

डॉक्टर थांबतो म्हणजे काय होतं हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको खरं तर. बेळगावची सविता हलप्पनवार, दातांची डॉक्टर, ३१ वर्षांची, आयर्लंडमध्ये गॉलवेला राहायची. ऑक्टोबर २०१२ मध्ये १७ आठवड्यांत गर्भ टिकणार नाही हे स्पष्ट झालं होतं, तिने आणि नवऱ्याने पिशवी रिकामी करा म्हणून विनवलं, पण गर्भाचे ठोके चालू आहेत म्हणून नकार आला, आणि २८ ऑक्टोबरला ती सेप्सिसने गेली. तेव्हाही आयर्लंडमध्ये आईच्या जिवाला धोका हा अपवाद होताच की. २०१३ मध्ये तिथे कायदा झाला, मग २५ मे २०१८ ला सार्वमत, ६६.४ टक्के लोकांनी बदलाच्या बाजूने मत दिलं, आणि आता तिथे १२ आठवड्यांपर्यंत मिळतं, मध्ये तीन दिवस थांबावं लागतं. डब्लिनला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, १२ नंतर तिथेही दार अरुंदच आहे.

मग पोलंडमध्ये असताना गरज पडलीच तर? तुमच्याकडे पोलंडचा राष्ट्रीय व्हिसा किंवा रेसिडन्स कार्ड असेल तर शेंगेनमध्ये (युरोपातल्या एका व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांत) १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं. जर्मनीत समुपदेशनाचा दाखला घेऊन तीन दिवस थांबून १२ आठवड्यांपर्यंत होतं, व्रोत्स्वाफहून बर्लिन बसने चार-पाच तास. नेदरलँड्समध्ये मर्यादा बरीच पुढे आहे. पण कार्ड रिन्यूअलला टाकलंय आणि पासपोर्टवर नुसता शिक्का आहे अशा अवस्थेत बॉर्डर ओलांडायची नाही, त्यात अडकलेले लोक मी बघितलेत (वेगळ्या कारणांसाठी, पण अडकले). म्हणून बायकोच्या कार्डाची तारीख स्वतःच्या कार्डाइतकीच जपा. डिपेंडंटची फाइल नेहमी मागे पडते.

फिलिपिन्स. एमबीबीएसला मनिला, दावाओ वगैरे जाणाऱ्या मुलींच्या पालकांनो, हे तुमच्यासाठी. इथे कायदा बाईलाच पकडतो. १९३० ची दंडसंहिता आहे, स्पॅनिश काळातल्या कायद्यावरून केलेली, आणि कलम २५८ प्रमाणे जी बाई स्वतः करेल किंवा करू देईल तिला दोन वर्षं चार महिने एक दिवस ते सहा वर्षं. जिवाला धोका असेल तर चालेल असा स्पष्ट अपवादसुद्धा त्या कलमांत लिहिलेला नाही, बलात्काराचा तर नाहीच. त्याच कलमात पुढे एक वाक्य आहे ते वाचून मी दोन मिनिटं बसूनच राहिले, मुलीची बदनामी लपवायला आईबापांनी तिच्या संमतीने केलं तर त्यांना काय शिक्षा ते वेगळं लिहिलंय, तेवढीच आहे. म्हणजे घाबरून विमानाने पोचून परस्पर काहीतरी उरकू असं जे आपल्याकडच्या आईबापांच्या डोक्यात पहिलं येईल, ते ९० वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्याने धरूनच ठेवलंय. डॉक्टरला त्याच शिक्षेतला वरचा, जास्तीचा भाग, आणि चिठ्ठीशिवाय औषध देणाऱ्या केमिस्टलाही शिक्षा.

आय-पिल (संबंधांनंतर गर्भ राहू नये म्हणून घ्यायची गोळी) तिथे मेडिकलमध्ये मिळेल असं धरू नका, तिथे तशा गोळीची नोंदणी २००१ मध्येच काढून टाकली होती. मिसोप्रोस्टॉलवरही (गर्भपाताच्या गोळ्यांतलं एक औषध) बंदी आहे. रस्त्यावर आणि ऑनलाइन नकली काहीही विकतात, त्याने जीव जातो. पण एक गोष्ट मुलीला घोकून पाठवा. २०१२ चा त्यांचा प्रजनन आरोग्य कायदा सांगतो की गर्भपातानंतर त्रास झालेल्या बाईवर माणुसकीने, दोष न देता उपचार करायचेच. त्यामुळे रक्तस्राव तासाला दोन पॅड असा दोन तास चालला, ताप चढला, घाण वास यायला लागला, चक्कर येऊन पडली, तर हॉस्टेलवर रडत बसायचं नाही, इमर्जन्सीत जायचं. केसचं नंतर बघू. आणि घरी फोन करायचा, हे सांगायचं काम मात्र तुमचं, तिला फोन करायची भीती वाटणार नाही असं बोलून ठेवायचं काम विमानतळावर होत नसतं.

(जॉर्जियाला एमबीबीएसला जाणाऱ्यांनी गूगल करताना देशाचं बघा, अमेरिकेतल्या राज्याचं नको. देशात १२ आठवड्यांपर्यंत मिळतं. दोन्हींची माहिती एकाच पानावर येते आणि लोक उगाच घाबरतात.)

टेक्सास. ऑस्टिन, डॅलस, ह्यूस्टनला आपली इतकी माणसं आहेत की गणपतीला ढोलपथकं असतात, आणि तरी हे कुणी बोलत नाही. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २४ जून २०२२ ला अबॉर्शनचा हक्क देशभर देणारा १९७३ चा रो विरुद्ध वेड निकाल उलटवला आणि प्रश्न राज्यांवर सोडला. टेक्सासमध्ये २५ ऑगस्ट २०२२ पासून जवळजवळ पूर्ण बंदी आहे, सहा आठवडेही नाहीत. डॉक्टरला पाच ते ९९ वर्षं किंवा जन्मठेप, वर कमीत कमी एक लाख डॉलर दंड, लायसन्स जातं. बलात्काराचा अपवाद नाही. बाईला या कायद्यात शिक्षा नाही. तरीही एप्रिल २०२२ मध्ये तिथल्या एका काउंटीत एका बाईला स्वतः गर्भपात केला म्हणून थेट खुनाच्या आरोपाखाली अटक केली होती, मग आरोप मागे घेतला, पण फोटो तर जगभर गेला.

मदत करणाऱ्यांसाठी दुसरा फास आहे, पोलीस नाही तर शेजारी. सप्टेंबर २०२१ पासूनच्या कायद्यात कुणीही ऐरागैरा माणूस डॉक्टरवर किंवा मदत करणाऱ्यावर दावा ठोकू शकतो, जिंकला तर कमीत कमी दहा हजार डॉलर. २०२५ मध्ये नवा कायदा झाला, डिसेंबरपासून लागू, गोळ्या पाठवणाऱ्यावर, आणणाऱ्यावर दावा करता येतो आणि आकडा कमीत कमी एक लाख डॉलरचा. एच-वन-बीवरच्या माणसाने दिवाणी दावा असो नाहीतर फौजदारी, आधी इमिग्रेशन वकिलाला फोन करायचा, व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारायचं नाही.

न्यू मेक्सिको, कोलोरॅडो, इलिनॉय इथे जाऊन करणं हा त्या बाईसाठी गुन्हा नाही, हजारो बायका तसंच करतात. डिसेंबर २०२३ मध्ये टेक्सासच्या केट कॉक्स नावाच्या बाईने आधी कोर्टात परवानगी मागितली होती, गर्भात ट्रायसोमी १८ (बाळ सहसा जगत नाही असा गुणसूत्रांचा दोष) होता, पण केस टेक्सासच्या सुप्रीम कोर्टात अडकली आणि तीही शेवटी राज्याबाहेरच गेली, आणि कोर्टाने नाहीच म्हटलं. म्हणजे कोर्टकचेरीत वेळ घालवण्यापेक्षा तिकीट काढा, हा माझा सल्ला. ट्यूबमध्ये राहिलेला गर्भ काढणं मात्र टेक्सासच्या कायद्यात अबॉर्शन धरत नाहीत, त्यामुळे तिथे कुणी टाळाटाळ केली तर ठामपणे बोला, तो जिवाचा प्रश्न असतो. आणि एक भलतीच गोष्ट, संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट घेत असाल (ते गर्भ पाडायलाही वापरता येतं) तर आजार स्पष्ट लिहिलेली चिठ्ठी ठेवा, या कायद्यांनंतर तिकडचे काही केमिस्ट ते औषध द्यायलाही कचरायला लागले होते.

बाकीचे पटकन. माल्टा, तिकडे हल्ली नोकरीला बरेच जातायत, बाईलाच १८ महिने ते तीन वर्षं कैद, २०२३ मध्ये जिवाच्या धोक्याचा अपवाद आला तोही २०२२ मध्ये एका अमेरिकन टुरिस्टला पाणी गेल्यावर विमानाने स्पेनला हलवावं लागलं त्याच्या गाजावाजानंतर. एल साल्वादोरमध्ये १९९८ पासून पूर्ण बंदी, आपोआप गर्भ पडलेल्या बायकांनाही खुनाच्या कलमाखाली ३०-३० वर्षं झालीयेत. दुबई-अबूधाबीत २०२४ पासून बलात्कार वगैरे प्रकरणांत १२० दिवसांपर्यंत परवानगी मिळू शकते, पण गल्फवर एवढ्यात भागणार नाही, तिथे लग्नाचा प्रश्न आधी येतो, ते स्वतंत्र लिहायला लागेल.

आता बॅग आणि फोन. आय-पिल आणि एमटीपी किट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, शिकलेल्या लोकांचाही इथे गोंधळ असतो. आय-पिल गर्भ राहू नये म्हणून ७२ तासांत घ्यायची, तिला बहुतेक देश अबॉर्शन मानत नाहीत. एमटीपी किट राहिलेल्या गर्भासाठी, आपल्याकडेही ती डॉक्टरच्या देखरेखीखाली आणि नऊ आठवड्यांपर्यंतच. ती किट असू दे म्हणून बॅगेत टाकायचा मोह टाळा. अमेरिकेत लुईझियानामध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून ती औषधं नशेच्या गोळ्यांच्या यादीसारखी नियंत्रित आहेत, चिठ्ठीशिवाय सापडली तर पाच वर्षांपर्यंत, गरोदर बाईला स्वतःपुरती सूट आहे पण बॅग नवऱ्याची निघाली तर? त्यापेक्षा जायच्या आधी इथे गायनॅकला भेटून कॉपर टी किंवा जे सोयीचं असेल ते करून घ्या, सरकारी दवाखान्यात कॉपर टी फुकट बसवतात.

फोनचं म्हणाल तर २०२२ मध्ये नेब्रास्कात एका आई-मुलीची केस फेसबुक मेसेंजरच्या चॅटवर उभी राहिली, पोलिसांनी वॉरंट काढून चॅट मिळवलं, आईला दोन वर्षं झाली. तेव्हा पाळीचं ॲप फोनमध्येच डेटा ठेवणारं घ्या किंवा सरळ कालनिर्णयवर खूण करा. सल्ला घ्यायचा तर वकिलाशी आणि डॉक्टरशी बोला, पंचवीस जणांच्या ग्रुपवर नको. आत्या चांगल्या असतात पण फॉरवर्ड करतात.

इन्शुरन्सच्या पीडीएफमध्ये एक्स्क्लूजनचं पान उघडा आणि प्रेग्नन्सी शब्द शोधा. बहुतेक ट्रॅव्हल आणि स्टुडंट पॉलिसीत गरोदरपण, बाळंतपण, गर्भपात सगळं वगळलेलं असतं, फार तर ट्यूबमधला गर्भ धरतात. कंपनीची ग्रुप पॉलिसी असेल तर डिपेंडंटला वेटिंग पिरियड किती ते एचआरला मेलवर विचारा, तोंडी नको.

शेवटी इकडे परत यायचं ठरलं तर. बहुतेकींना हाच मार्ग सोपा पडतो, आई असते, भाषा असते. पण आठवडे मोजून तिकीट काढा. २० च्या आत असाल तर कुठल्याही मान्यताप्राप्त एमटीपी सेंटरवर होतं, खाजगी चालतं. २० ते २४ मध्ये दोष असेल तर दोन डॉक्टर. २४ च्या पुढे मेडिकल बोर्ड, नियमाप्रमाणे त्यांनी अर्जापासून तीन दिवसांत मत द्यायचं आणि पाच दिवसांत पुढचं व्हायचं, पुण्यात त्यासाठी ससूनला जावं लागतं. तिकडे मुलगी आहे हे रिपोर्टवर छापून आलं म्हणून इकडे येत असाल तर येऊ नका, ते कारण इथल्या कायद्यात बसत नाही, आणि लिंगनिवडीविरुद्ध १९९४ चा कायदा आहे. येताना सोनोग्राफीचे सगळे रिपोर्ट, ब्लड ग्रुप, आधीच्या सिझेरियनचे कागद घ्या, आणि पोलिश रिपोर्ट असेल तर तिथल्या डॉक्टरकडूनच इंग्रजी प्रत सही-शिक्क्यासह मागा. विमानतळावर बसून फोनवर भाषांतर केलेला कागद इथला डॉक्टर धरत नाही, तो पुन्हा सोनोग्राफी लिहून देतो आणि त्यात दोन दिवस जातात.